पागोट्यासमोरचा काडीमोड

कडूबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिच्या वेळी बापानं नाव ठेवलं कडू. गोड नाव ठेवलं की सटवाईची नजर जाते आणि कडू म्हटलं की ती तोंड फिरवते, असा वालूरकडच्या लोकांचा हिशेब. सटवाईनं तोंड फिरवलं, यात शंका नाही. पोर जगली, वाढली, चांगली धडधाकट निघाली. पण सटवाईबरोबर नशीबही तोंड फिरवून बसेल, हे मात्र कुणी हिशेबात धरलं नव्हतं.

बाप चंद्रभान, वालूरचा कुणबी. एका बैलजोडीची शेती आणि बोलायला मऊ माणूस. त्यानं लेक दिली सेलूला. सेलू म्हणजे रेल्वेचं गाव, कापसाची बाजारपेठ. "पोरगी जिनाच्या भोंग्यावर उठंल अन् भोंग्यावर निजंल, आपल्यावानी सूर्याकडं बघत बसायचं काम न्हाई," असं तो कौतुकानं सांगायचा. जावई भुजंग तिथल्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. दिसायला देखणा, केसांना तेल, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं खिशातली विडी आपण होऊन काढून द्यावी. एका ठिकाणी टिकणं तेवढं त्याला जमत नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात, तोच जिनातल्या एका बाईबरोबर तो हैदराबादच्या गाडीत बसला आणि गेला तो गेलाच.

कडूबाई सासरी वाट बघत राहिली. सासू नर्मदाबाई मायाळू होती. मुलाचं तोंड काळं झालं, पण सुनेच्या ताटातली भाकरी तिनं कधी शिळी होऊ दिली नाही. पण भाकरीवर जन्म निघतो का? चार वर्षांनी सासऱ्यानंच चंद्रभानला निरोप धाडला, लेकीला घेऊन जा, आम्हाला तिचं तोंड बघवत नाही.

मग वालूरच्या मारुतीच्या पारावर पंच बसले. पंचांत मोठे मुंजाजी. मुंजाजी म्हणजे आसपासच्या गावांचं कोर्टच म्हणा. भावाभावांची वाटणी, बांधाची भांडणं, रुसलेल्या सुना, सगळं त्यांच्यासमोर यायचं. मन मोठं होतं आणि आपलं मन मोठं आहे हे त्यांना ठाऊकही होतं.

त्यांच्यात काडीमोड व्हायचा तो असा. कडब्याची एक काडी नवऱ्यानं एका टोकाला धरायची, बायकोनं दुसऱ्या. पंचांसमोर दोघांनी ती मोडायची. मोडली की बाईनं नवऱ्याचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं. एरवी बाई नवऱ्याचं नाव जिभेवर आणत नाही. ते एकदा चारचौघांत आणलं की समजायचं, तो आता तिचा कुणी नाही.

पण भुजंग होता कुठं? बाकीचे पंच माना हलवायला लागले. नवरा नाही तर काडी कोण धरणार? येईल तेव्हा बघू. कडूबाई एका बाजूला मान खाली घालून बसली होती. बायका अशा वेळी रडतात, ती रडत नव्हती. नखानं पाराच्या दगडावरचा शेंदूर खरवडत होती. मुंजाजींची नजर तिच्यावर गेली आणि त्यांना भडभडून आलं.

"अरे, नवरदेव हजर नसला तर कट्यारीसंगं लगीन लावत्यात का न्हाई?" ते म्हणाले. "मंग मोडायला माणूसच कशाला पायजे? त्याचं लग्नातलं पागोटं आना."

सासऱ्यानं पागोटं आणलं. पाटावर ठेवलं. काडीचं एक टोक पागोट्याच्या घडीत खोचलं आणि दुसरं कडूबाईच्या हातात दिलं. तिनं कट्‌दिशी मोडली. मग खणखणीत आवाजात "भुजंग, भुजंग, भुजंग" असं म्हणाली. तिसऱ्या वेळी तर पारावरची माणसं हसली. सासरा पागोटं काखेत घालून खाली मान घालून निघून गेला. मुंजाजींनी मिशीवर हात फिरवला. त्या दिवशी आपण एक नवीच वाट पाडली, याचा त्यांना फार आनंद झाला होता. तो आनंदच पुढं कडूबाईला नडला.

वर्षाच्या आत तिचा मोहतूर लागला. मोहतूर म्हणजे बाईचं दुसरेपणाचं लग्न. त्यात वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. नवरा बोरीचा आश्रुबा. पहिली बायको देवीच्या आजारात गेलेली, मूलबाळ नाही. आश्रुबा माणसांशी कमी आणि बैलांशी जास्त बोलायचा. पण त्याची एक खोड होती. कडूबाई स्वतःचं ताट वाढून घेऊन समोर बसल्याशिवाय तो पहिला घास उचलायचा नाही. गावच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, बाप्या बायकोसाठी थांबतोय म्हणून. कडूबाई त्यांच्यावर खेकसायची, पण भाकरी थापताना तिचा हात भराभरा चालायचा.

मग तानू झाली. तानुबाई. दुपारी झोळीत निजायची, संध्याकाळी बापाच्या खांद्यावरून घरी यायची. कडूबाईला आणखी काही नको होतं. हे घर, हा माणूस आणि मांडीवर ही पोर. सुखाला याहून मोठं नाव तिला माहीत नव्हतं, आणि मला विचाराल तर नाहीच.

तानू पाच-सहा वर्षांची झाली आणि एके दिवशी दुपारी भुजंग बोरीत उगवला.

केस पिकलेले, गाल बसलेले. बरोबरची बाई केव्हाच दुसऱ्याकडं गेली होती. बाप वारला होता. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं अंथरुणात व्हायचं आणि ते काढायला घरात माणूस नव्हतं. तेव्हा साहेबांना बायकोची आठवण झाली. येऊन ओट्यावर असा बसला, जसा काल बाजाराला गेला होता आणि आज परत आला.

"कडू, चल. आई लय हाल काढायलीय."

"तुपली आई हाय, तू काढ तिचं," कडूबाई म्हणाली. "पंचासमोर काडी मोडली मी."

"तू मोडली. मी मोडली का? माझा हात होता का त्या काडीला? पागोट्याला बायको असती का?"

मागं दारात तानू उभी होती. भुजंगनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ही पन मपलीच म्हनायची मंग."

कडूबाईनं पोरीला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं. आश्रुबा शेतातून आला तोवर भुजंग निघून गेला होता. पण जाताना सांगून गेला, अदालतीत भेटू.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हण रचणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, की कधी कधी कोर्टच पायरी उतरून तुमच्या ओट्यावर येऊन बसतं. महिन्याभरात परभणीहून निजामाच्या अदालतीचं समन आलं, उर्दूत. गावच्या मुलाण्यानं वाचून दाखवलं. भुजंगनं दावा लावला होता, माझी लग्नाची बायको मला परत द्या.

आश्रुबानं परभणीला वकील धरला. शेरवानी घातलेला, घाईतला माणूस, पण गोष्ट त्यानं नीट समजावून सांगितली. शास्त्राप्रमाणं लागलेलं लग्न कायदा सहजासहजी मोडलं असं मानत नाही. मात्र एखाद्या जातीत काडीमोडाची जुनी रीत असेल, पिढ्यान् पिढ्या एकसारखी चालत आली असेल, तर अदालत ती मानते. "तुमच्या पंचानं येऊन एवढंच सांगायचं. नवरा हजर नसला तर पागोटं ठेवून काडी मोडायची, हे आमच्यात आजा-पणज्यापासून चालत आलंय. बस्स."

"अन् तसं ठरलं न्हाई तर?" कडूबाईनं विचारलं.

"तर बाई, तू भुजंगची बायको. हा मोहतूर झालाच नाही असं धरतील. आणि लग्न कायम असताना झालेलं लेकरू कायद्यात नवऱ्याचं."

"लेकरू ह्यांचं हाय," ती आश्रुबाकडं बोट करून म्हणाली.

"मला माहीत आहे. कायद्याला माहीत नाही."

तारखेला बोरीची बैलगाडी आणि वालूरची बैलगाडी परभणीच्या वाटेवर एकत्र झाल्या. मुंजाजी धुवट धोतर, नवीन पागोटं, हातात काठी अशा थाटात आले होते. वकिलानं त्यांना बाजूला घेऊन पुन्हा तेच सांगितलं. मुंजाजींनी मान हलवली, पण लहान पोर काहीबाही सांगतं तेव्हा आजोबा हलवतात तशी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या होत्या. स्वतः साक्षीदाराच्या जागी ते कधी उभे राहिले नव्हते.

आधी कडूबाईला बोलावलं. मुन्सिफसाहेब परगावचे, उर्दू बोलणारे, शांत आवाजाचे. पेशकार मराठी करून सांगत होता.

"नवऱ्याचं नाव?"

कडूबाई गप्प.

"नाव सांग बाई."

"ह्या पोरीचा बाप."

"त्याचं नाव काय?"

तिनं पदर पुढं ओढला आणि आश्रुबाकडं हात केला. नाव काही घेईना. वकिलानं शेवटी तिच्या वतीनं सांगितलं.

"मग भुजंग कोण?"

"भुजंग? त्यो काय तिथं उभा हाय की भुजंग."

दाराशी उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांच्या दृष्टीनं खटला तिथंच संपला होता. जिचं तोंड एका नावाशी अडतं आणि दुसरं नाव धडधडीत घेतं, ती कुणाची बायको हे शेंबडं पोरही सांगेल. पण मुन्सिफसाहेबांच्या कायद्यात हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग मुंजाजी. बसायला काही मिळतंय का म्हणून त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. कठड्याला धरून उभं राहा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. भुजंगचा वकील हे बघत होता. तो पक्का बेरकी. त्यानं आवाजात लोणी घातलं.

"मुंजाजीबुवा, तुमचं नाव फार ऐकलंय. पंचक्रोशीत तुमच्यासारखा न्याय करणारा नाही म्हणतात."

मुंजाजी जरा ताठ झाले. "लोकं म्हनत्यात. आमी आपलं देवाला स्मरून करतोत."

"ही पागोट्याची तोडही तुमचीच म्हणे. मोठी अक्कल लागते अशा गोष्टीला. का तुमचे वडीलही असंच करायचे?"

कडूबाईच्या वकिलानं खोकून बघितलं. मुंजाजींना ते ऐकूच गेलं नाही.

"आमचा बाप?" मुंजाजी हसले. "आमचा बाप सरळ मानूस. त्याला एवढं कुठलं सुचायला. त्यो म्हनला असता, नवरा येऊ द्या, तवर पोरगी बसंल. ही तोड मपली सोताची."

"म्हणजे याच्या आधी असं कधी झालं नव्हतं?"

"कधीच न्हाई. ना वालूरात, ना दुसऱ्या कुटं. ह्या लेकराचं तोंड बगितलं अन् मला राहवलं न्हाई. म्हनलं, रीत मानसासाठी हाय, मानूस रीतीसाठी न्हाई. फकस्त हिच्यासाठी केलं मी ते."

आणि त्यांनी कडूबाईकडं बघितलं. डोळे पाणावलेले, ओठांवर हसू. भर अदालतीत आपण हिच्यावर केलेली माया सांगितली, आता ही पोर हात जोडेल, असं त्यांना वाटलं असावं. कडूबाईनं बघितलं ते आपल्या वकिलाकडं. तो हातातले कागद गोळा करून त्यांना दोरी बांधत होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. म्हातारा खोटं एक अक्षर बोलला नाही. खोटं बोलला असता तर एक संसार वाचला असता. पण आपल्या मोठेपणाची गोष्ट चारचौघांत सांगायची संधी मिळाली आणि ती सोडणं त्याच्यानं झालं नाही. मला त्याचा राग येतो. त्या पारावर दुसरं कुणी असतं तर कडूबाईला आश्रुबा भेटलाच नसता, हेही खरं. पण राग येतो तो येतोच.

निकाल लागला तो वकिलानं व्हरांड्यात सांगितला. रीत जुनी असल्याचं सिद्ध झालं नाही. पंचांनी मनानं केलेली गोष्ट म्हणजे रूढी नव्हे. सबब पहिलं लग्न कायम.

येताना गाड्या काही वेळ बरोबर चालल्या. फाट्याशी मुंजाजी आपल्या गाडीतून उतरून कडूबाईच्या गाडीपाशी आले.

"पोरी, मी काय खोटं बोललो का?"

"न्हाई आबा," ती म्हणाली. "खरंच बोललात."

मुंजाजी वळले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

मागाहून मुंजाजी पंचांना घेऊन बोरीला आले. अदालतीला काय कळतंय आमच्या जातीतलं, पंचांचा शब्द म्हणजे शब्द, पोरीनं इथंच राहायचं, असं त्यांनी आश्रुबाच्या ओट्यावर बसून ठणकावून सांगितलं. चहा पिऊन ते गेले. चार दिवसांनी भुजंगचा निरोप आला. दुसऱ्याची बायको घरात ठेवली म्हणून आश्रुबावर फौजदारी करतो, मग त्याला तुरुंगात भाकऱ्या पोचवा.

आश्रुबा त्या दिवशी जेवला नाही. रात्री म्हणाला, "जातो मी तुरुंगात. कायमचं थोडंच ठिवत्यात."

"अन् तवर पोर कुनाच्या घरी जाईल?"

त्याला हे सुचलंच नव्हतं. कडूबाईनं मात्र सगळा विचार करून ठेवला होता. इकडं आड आणि तिकडं विहीर असली तर पोरीला तरी काठावर उभं करावं, आपण उडी घ्यावी. ती सेलूला भुजंगकडं गेली आणि दारातूनच म्हणाली, "मी येते. तुपल्या आईचं सगळं करते. पन पोरगी बोरीलाच राहील. तिच्यावर हक सांगितला तर ह्याच उंबऱ्यावर डोकं फोडून घेईन."

"पोरगी कशाला पायजे मला?" भुजंग म्हणाला. "अजून एक खायाला तोंड."

तानूला तिनं खरं सांगितलं नाही. एक म्हातारी आजी आजारी आहे, तिचं करायला चालले, एवढंच सांगितलं. पोरीनं विचारलं, "माय, ती बरी व्हईल ना?" कडूबाई म्हणाली, व्हईल. असलं खोटं तिला सहज बोलता आलं. तेवढं मुंजाजींना बोलता आलं असतं, तर ही वेळच आली नसती.

सेलूत ती आली आणि पंचांनी तिला वाळीत टाकलं.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मी चुकीचं सांगतोय. नाही. पंचांचा हिशेब सरळ होता. भुजंगशी तिचा काडीमोड झालेला. तिचा नवरा आश्रुबा. नवरा जिवंत असताना ती परपुरुषाच्या घरी राहायला गेली. मग तिचं पाणी कोण पिणार? परभणीत झालेला अपमान मुंजाजींच्या मनातून गेला नव्हता. बाजारात पोरंसोरं 'पागोट्याचे वकील' म्हणून त्यांना चिडवायची. आता पंचांची काडी खोटी नव्हती, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं आणि दाखवायला हाताशी एकच बाई होती. म्हणजे बोरीत राहावं तर सरकारचा गुन्हा, सेलूत राहावं तर जातीचा. दोन न्याय असलेल्या मुलुखात बाईला राहायला एक घर मिळू नये, याला काय म्हणावं ते मला तरी सुचत नाही.

नर्मदाबाईची वाचा गेली होती. सून आली तेव्हा तिच्या एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, दुसरा डोळा त्या बाजूबरोबर मेला होता. कडूबाईनं तिचं सगळं काढलं, पाठीला जखमा पडू नयेत म्हणून दिवसातून कितीदा तरी तिला कुशीवर वळवलं. भुजंगला मात्र ती त्याच्या तोंडावर 'भुजंगा' म्हणायची. शेजारपाजारच्या बाया कानांवर हात ठेवायच्या. त्यानं एकदा हात उगारला तेव्हा तिनं म्हातारीकडं बोट केलं आणि विचारलं, "हात मोडला तर हिचं कोन करील?" पुन्हा त्यानं हात उगारला नाही, आणि तिनंही नाव सोडलं नाही.

बाजारच्या दिवशी कधी कधी आश्रुबा कापूस घेऊन सेलूला यायचा, बरोबर तानू असायची. सांबप्पा वाण्याच्या दुकानासमोर तो गाडी सोडायचा. सांबप्पा भला माणूस, लिंगायत असल्यामुळं कुणब्यांच्या पंचांची भीती त्याला नव्हती. तो पोरीला आत बोलावून पोत्यावर बसवायचा आणि कडूबाईला निरोप धाडायचा. मायलेकी पोत्यांच्या आड बसून डाळ्या खायच्या. आश्रुबा बाहेर बैलांपाशीच उभा असायचा. कुणी बघितलं तर इकडून फौजदारी, तिकडून पंच त्यालाही वाळीत टाकणार. दोघं एकमेकांकडं बघायची, पण बोलायची नाहीत.

अशी काही वर्षं गेली आणि अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा लागला. गावोगाव रझाकारांची धास्ती होती. घरात वाढती पोर ठेवायला लोक भ्यायला लागले आणि मिळेल तिथं लग्नं उरकायला लागले. तानूचंही जिंतूरकडच्या एका घरात जमलं. बातमी सांबप्पानं दिली आणि लगेच डोळे खाली वळवले. पंचांनी आश्रुबाला बजावलं होतं, पोरीची माय मांडवात दिसली तर कुणी पंगतीला बसणार नाही. वऱ्हाडसुद्धा उठून जाईल.

कडूबाई पायी वालूरला गेली. मुंजाजी आता फार थकले होते, बाजेवर बसून होते. तिला बघून त्यांनी तिला आत बोलावलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत.

"आबा, मला मपल्या पोरीच्या लग्नाला उभं राहायचंय. काय करू ते सांगा."

म्हातारा म्हणाला, "एकच वाट हाय. आश्रुबासंगं काडी मोडायची. मंग भुजंगासंगं मोहतूर लावायचा. मंग तू शुद्ध झालीस. मंग कुनाला तोंड उघडता येनार न्हाई."

सरकारदरबारी जी भुजंगची लग्नाची बायको, तिनं जातीसाठी भुजंगशीच मोहतूर लावायचा! ऐकून सांबप्पाला हसावं की रडावं कळेना. पण भुजंग कबूल झाला. आई आज ना उद्या जाणार, वाळीत असलेल्या घरची तिरडी उचलायला कोण येणार, ही धास्ती त्याला होती.

पुन्हा तोच पार. या वेळी मुंजाजींनी बजावून सांगितलं होतं, पागोटं चालणार नाही, माणूस पायजे. अदालतीत ते शिकले ते एवढंच. आश्रुबा आला. त्यानं मुकाट्यानं काडीचं टोक धरलं. कडूबाईनं दुसरं धरलं. काडी मोडायला फार जोर लागत नाही, पण दोघांपैकी कुणी हातच हलवेना. शेवटी एका पंचानं "आटपा" म्हटलं आणि ती मोडली. कुणी मोडली ते मलाही सांगता येणार नाही.

"आता नाव घे," मुंजाजी म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. संसारात जे नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, अदालतीत मुन्सिफापुढं घेतलं नव्हतं, ते आता घ्यायचं होतं. मग आश्रुबाच म्हणाला, हळू, बैलाला म्हणायचा तसं, "घे. पोरीसाठी घे."

"आश्रुबा," ती म्हणाली. "आश्रुबा. आश्रुबा."

मुंजाजींनी तोंड मारुतीच्या देवळाकडं वळवलं. त्याच दिवशी भुजंगशी मोहतूर लागला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

लग्नाला ती गेली, भुजंगच्या गाडीत बसून. मांडवात तिला कुणी अडवलं नाही. आश्रुबाला आता बायको नव्हती, म्हणून कन्यादान त्याच्या भावानं आणि भावजय कस्तुराबाईनं केलं. आश्रुबा मांडवाच्या मेढीला धरून उभा होता. कडूबाई पाहुण्या बायांच्या घोळक्यात, मागं. अक्षता टाकताना तिचा हात पोचत नव्हता, तरी टाकल्या. मग मुलाची आई बायांना मान द्यायला निघाली. पोरीच्या आईचं लुगडं तिनं कस्तुराबाईला दिलं, कारण कन्यादानाला तीच बसली होती. मग ती घोळक्यापाशी आली.

"तुमी पोरीच्या कोन?"

कडूबाईच्या बाजूला उभ्या बायांनी तिच्याकडं बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुनी न्हाई माय," कडूबाई म्हणाली. "सेलूची पाव्हनी हाय."

विहिणीनं तिच्या हातावर पाहुणीचा खण ठेवला आणि ती पुढं गेली.

पोर सासरी निघाली तेव्हा रिवाजाप्रमाणं एकेकीच्या गळ्यात पडून रडली. चुलतीच्या, आत्याच्या, शेजारणीच्या. कडूबाईपाशी आली आणि तिला धरलं ते सोडेचना. ओढलं तरी सोडेना. "माय, तू का न्हाई बसली माझ्यासंगं पाटावर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग वऱ्हाडाच्या बायांना कुणी काही सांगायची गरज उरली नाही. विहिणीनं खाली मान घातली. कस्तुराबाईनं लुगडं पदराखाली लपवलं.

शेवटी आश्रुबानं येऊन पोरीची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला गाडीत बसवलं. गाडी फाट्याला वळेपर्यंत कडूबाई उभी होती. मग ती भुजंगच्या गाडीत चढली, कारण म्हातारीला कुशीवर वळवायची वेळ झाली होती आणि सेलू लांब होतं.